लेबल झाकून घेतलेला घोट

गळीत हंगाम सुरू झाला की माळशिरस, माढा, पंढरपूर या पट्ट्यातून रात्री जाणाऱ्याला साखर कारखाना डोळ्यांआधी नाकाला कळतो. आधी उकळत्या रसाचा गोडसर वास येतो आणि त्याच्या मागून मळीचा आंबूस, जड वास. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला हा सोलापूर जिल्हा आहे. साखर काढून घेतल्यावर उरलेली काळी, दाट मळी आंबवायची, उंच स्तंभांतून गाळायची आणि तिच्यातून जवळजवळ बिनवासाचा, बिनचवीचा मद्यार्क काढायचा, हा इथला जुना जोडधंदा. देशात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या कितीतरी स्वस्त बाटल्यांच्या मुळाशी असाच मद्यार्क असतो. त्यात रंग, अर्क आणि थोडे माल्ट मिसळले जाते. युरोपात किंवा ब्रिटनमध्ये मळीच्या मद्यार्काला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथल्या कायद्याने व्हिस्की धान्याचीच हवी आणि ती लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली हवी. सिंगल माल्ट स्कॉचचे नियम आणखी कडक आहेत: फक्त मोड आणलेले जव, पाणी आणि यीस्ट, एकाच आसवनीत, तांब्याच्या भांड्यातून घाण्या-घाण्याने गाळलेले, स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरवलेले, आणि बाटलीत उतरताना किमान ४० टक्के अल्कोहोलचे.

मळीच्या वासाच्या याच माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या बाजूला, मोटेवाडीला एक वेगळा वास रुजवला गेला. २००६-०७च्या सुमारास तीन घरांतले भाऊ एकत्र आले. अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि इटलीतले आंद्रेआ व अलेस्सिओ सेच्ची. कंपनीचे नाव पडले फ्रटेली, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. द्राक्षाचे वाण निवडायला आणि वाइन घडवायला तस्कनीतून पिएरो मासी आले. फ्रान्समधल्या रोपवाटिकांतून डझनभर वाणांची लाखो रोपे आणली गेली आणि मोटेवाडी, गारवाड, निमगाव या तीन ठिकाणी मिळून सुमारे २४० एकरांवर लागली. त्यात मासींच्या मुलखातले सांजोवेसेही होते. हे तस्कनीच्या कियान्ती वाइनचे द्राक्ष, आणि तेव्हा भारतात त्याची ओळख जवळपास नव्हतीच. सहा भाऊ आणि सातवे मासी, म्हणून कंपनीच्या मानाच्या लाल वाइनचे नाव 'सेत्ते', म्हणजे सात. सांजोवेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यो यांच्या मिश्रणाची ही वाइन ओकच्या पिंपात मुरवलेली असते.

द्राक्ष सोलापूरला नवे नव्हते. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतल्या वेगळ्या दिसणाऱ्या वेलींवर बारीक नजर ठेवून 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' हे वाण पुढे आणले, आणि महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीत ते घरोघरचे झाले. सोनाका ही थॉमसन सीडलेसमधून निघालेली निवड. तिचा मणी लांबट. हजारो वेलींतली एक वेल निराळी आहे हे ओळखणे हीसुद्धा पारखच. खायच्या द्राक्षाचा बागायतदार रोज तेच करतो. मणी तोडतो, डोळ्यांपुढे धरतो, चावतो, साखर किती भरली, सालीचा चावा कसा आहे, गराला कस आहे की नुसते पाणी आहे, हे दोन क्षणांत सांगतो. वाइनच्या द्राक्षाला तो हसेल इतके त्याचे मणी लहान, साल जाड, आत बिया. पण लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतच असतो. मोठा मणी म्हणजे रस जास्त आणि साल कमी. खायच्या द्राक्षात जो गुण मानला जातो, तोच वाइनमध्ये दोष ठरतो.

शिवाय इथल्या वेलीला झोप नाही. युरोपात हिवाळ्यात वेल निजते, वसंतात उठते. महाराष्ट्रात तिला दोनदा छाटून जागे करावे लागते. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करायला, आणि पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. म्हणजे फळ पोसले जाते थंडीत आणि तोडणी उरकते उन्हाळा चढायच्या आत. दुपारचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांतला फरक हीच या कोरड्या पट्ट्याची कमाई. रात्र गार असेल तर मण्यातला आंबटपणा टिकतो. उष्मा वाढला की वेल मॅलिक आम्ल जाळून टाकते, साखर मात्र चढत राहते. अशा द्राक्षाची वाइन जड, गोडसर, जिभेवर सैल पडणारी होते. म्हणून उष्ण मुलखातली वाइन तपासताना जाणकार पहिला प्रश्न विचारतो तो आंबटपणाचा. तो जिवंत असेल तर बागेतली अर्धी लढाई जिंकलेली असते.

हा प्रश्न विचारायची सवय मात्र आपल्याकडे फार थोड्यांना आहे. सोलापूर जिल्ह्यात मद्याची परीक्षा आजवर दोनच मापांनी होत आली: चढते किती आणि किंमत किती. पहिल्या मापाने काय होते ते जिल्ह्याने पाहिले आहे. हातभट्टीवर उभ्या राहिलेल्या तांड्यांमध्ये धाडी पडत, भट्ट्या फुटत आणि पुन्हा पेटत. २०२१ मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केले. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी नुसते गुन्हे दाखल करण्यापेक्षा भट्टी चालवणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्यावर त्यांनी भर दिला. ज्या पेयात चव शोधायची नसते, फक्त झिंग शोधायची असते, ते पेय कशाचेही आणि कसेही केलेले चालते. माणसाचा जीव जातो तो या बेफिकिरीने. दुसरे माप, किमतीचे, दिसायला सभ्य आहे, पण पारख त्यातही नाही.

किमतीचे माप किती फसवे आहे याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. स्वयंसेवकांना एकच वाइन दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलरची 'जास्त छान' लागली. मेंदूच्या चित्रणातही सुखाशी जोडलेला भाग महाग घोटाच्या वेळी अधिक जागा झालेला दिसला. म्हणजे ती माणसे बढाई मारत नव्हती. आकड्याने त्यांची चव खरोखर बदलली होती. त्याआधी २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइन-विद्येच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून ठेवली गेली होती. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला लावतात त्याच शब्दांनी केले. डोळा नाकाला असा ओढून नेतो. व्हिस्कीतही तेच. गडद रंग म्हणजे जुनी, भारी व्हिस्की असे समजून बाटली निवडली जाते, आणि स्कॉचमध्ये रंग सारखा करण्यासाठी कॅरॅमल घालायला कायद्याने मुभा आहे.

यावर उपाय एकच: झाकणे. आणि झाकून चव घेण्याच्या जगातल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगाचा धागा थेट माळशिरस तालुक्यात येतो.

२४ मे १९७६. पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवणारे इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्परिअर यांनी नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे बाटल्या झाकून ग्लास ठेवले. पांढऱ्यांत कॅलिफोर्नियाच्या सहा आणि फ्रान्सच्या चार, लालमध्येही सहा आणि चार. परीक्षक साधे नव्हते. मोठी रेस्टॉरंटे, नावाजलेल्या बागा आणि फ्रान्सच्या वाइन-व्यवस्थेतली मोठी पदे यांतून आलेली ती मंडळी होती. निकाल लागला तेव्हा पांढऱ्यांत पहिली आली कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची शातो माँटेलेना १९७३, आणि लालमध्ये तिथलीच स्टॅग्ज लीप १९७३, थेट बोर्दोच्या मूतों रॉथशील्ड १९७० ला मागे टाकून. चालू परीक्षेत एक परीक्षक नापाची शार्दने चाखून आता फ्रान्सला परत आल्यासारखे वाटते अशा अर्थाचे बोलले होते. निकालानंतर परीक्षकांतल्या एका संपादक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. ही सगळी हकीकत जगाला कळली ती तिथे हजर असलेल्या एकमेव पत्रकारामुळे, 'टाइम'च्या जॉर्ज टेबरमुळे.

तेच स्परिअर पुढे 'डिकँटर' या वाइन मासिकाच्या जागतिक वाइन स्पर्धेचे अध्यक्ष झाले, आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात अकलूजच्या वाइनशी जोडले गेले. मासी आणि स्परिअर यांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन फ्रटेलीने 'एम/एस' या नावाने वाइन काढल्या. नापा आणि बोर्दो यांच्यात नावाला न भुलता निवाडा घडवून आणणाऱ्या माणसाने आपले आद्याक्षर सोलापूर जिल्ह्यातल्या बाटलीवर येऊ दिले, याचे मोल सोलापूरकरांनी अजून पुरते ओळखलेले नाही. २०२१ च्या मार्चमध्ये स्परिअर गेले तेव्हा जगभरच्या वाइनच्या पानांवर त्यांच्यावर लेख आले. जिल्ह्यासाठीही ती मोठी बातमी होती. फ्रेंच वाइन-उद्योजक झां-शार्ल बुआसे यांच्याबरोबर फ्रटेलीने 'जुनून' ही वाइनही काढली. तिच्या लालमध्ये सांजोवेसे, कॅबर्ने सोव्हिन्यो, पती व्हेर्दो आणि मार्सेलान ही चार द्राक्षे आहेत.

व्हिस्कीच्या बाजूला असाच प्रसंग बेंगळुरूच्या जगदाळे कुटुंबाच्या वाट्याला आला. जगदाळे हे आडनाव बार्शी-सोलापुरात कोणाला परके नाही. राधाकृष्ण राव जगदाळे यांनी १९४८ मध्ये बेंगळुरूत अमृत डिस्टिलरीज सुरू केली. पुढच्या पिढीतल्या नीलकंठ राव जगदाळे यांच्या मनात जवाच्या अस्सल माल्टची व्हिस्की होती. मुलगा रक्षित २००१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला एमबीए करत होता. ब्रिटनमधल्या भारतीय रेस्टॉरंटांत भारतीय सिंगल माल्ट खपेल का, हा त्याच्या अभ्यासाचा विषय झाला. ग्लासगोच्या 'पॉट स्टिल' या व्हिस्कीसाठी नावाजलेल्या पबमध्ये नाव न सांगता नमुने पुढे केले गेले, तेव्हा चाखणाऱ्यांनी ही स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, चांगली बारा-पंधरा वर्षांची व्हिस्की असावी असा अंदाज बांधला. प्रत्यक्षात ती होती बेंगळुरूची आणि त्याहून फार कमी वयाची. २४ ऑगस्ट २००४ ला अमृत सिंगल माल्ट बाजारात आली ती भारतात नाही, ग्लासगोत. जिम मरे यांच्या 'व्हिस्की बायबल'च्या २०१० च्या आवृत्तीत 'अमृत फ्यूजन'ला १०० पैकी ९७ गुण मिळून ती जगातली तिसरी ठरली; भारतीय जव आणि स्कॉटलंडचे धुरावलेले जव यांच्या माल्टची ती व्हिस्की. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या 'पॉल जॉन'च्या 'मिथुना'ला त्याच पुस्तकाच्या २०२१ च्या आवृत्तीत तोच मान मिळाला.

कमी वयात जुनेपण कसे आले? उष्म्यामुळे. पिंपातली व्हिस्की दिवसा फुगून लाकडात शिरते, रात्री आकसून बाहेर येते, आणि येताना लाकडातले व्हॅनिलिन, लवंगेच्या वासाचे युजेनॉल, नारळाच्या वासाचे लॅक्टोन घेऊन येते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दर वर्षी सुमारे दोन टक्के व्हिस्की उडून जाते. बेंगळुरूत दहा-बारा टक्के. पाच वर्षांत जवळजवळ निम्मे पिंप रिकामे. म्हणून बारा वर्षांच्या स्कॉचशी पाच वर्षांच्या भारतीय माल्टची तुलना वयावरून करणे चूक आहे. लाकूड फार लवकर शिरते, आणि मालकाने वेळीच पिंप फोडले नाही तर व्हिस्की कडू, लाकडीच लागते. भारतीय माल्ट चाखताना हीच गोष्ट शोधायची असते: लाकडाखाली जव अजून ऐकू येतात की दबून गेले.

मग चाखायचे कसे?

ग्लास वरच्या बाजूला निमुळता हवा, म्हणजे वास तोंडाशी गोळा होतो. नाक एकदम खुपसायचे नाही. ४६ टक्के अल्कोहोलच्या व्हिस्कीची वाफ नाकाला बधिर करते. ग्लास हनुवटीशी धरून, तोंड किंचित उघडे ठेवून वास वर येऊ द्यायचा. पहिली भेट फळांची असते. आंबवण्यात तयार झालेली एस्टर इथे बोलतात. पिकल्या केळ्याचा वास देणारे आयसोअमाइल असिटेट हे त्यांतलेच, आणि केळीच्या निर्यातीसाठी ओळखल्या जाणाऱ्या करमाळ्याच्या कंदर भागातल्या माणसाला तो वास शिकवावा लागत नाही. मग धान्य: भाजलेपणा, बिस्किट, दाणा. शेंगदाणे भाजताना जी पायराझिने तयार होतात त्यांचीच भावंडे भट्टीत वाळवलेल्या माल्टमध्ये असतात, त्यामुळे शेंगाचटणीच्या सोलापूरला हा वासही घरचाच. आणि धूर. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या व्हिस्कीसाठी जव पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर. त्याच्या धुरातले ग्वायाकॉल आणि क्रेसॉल जवाला चिकटतात. जळत्या वनस्पतीच्या लिग्निनमधून ग्वायाकॉल निघते, मग ते पीट असो की शेतातल्या आगटीतली गोवरी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात थंडीत हुरडा भाजताना कपड्यांत जो धूर बसतो, त्याच्या आठवणीवर माणूस पीटेड व्हिस्की ओळखू शकतो. स्कॉटिश माणूस ज्याला दवाखाना आणि समुद्र म्हणतो, त्यात सोलापूरकराने हुरड्याचे रान पाहिले तर ते तितकेच बरोबर आहे. चाखण्याच्या वहीत उसने वास लिहिण्याने पारख वाढत नाही. जो वास आपण लहानपणापासून घेतला, तोच नाक खात्रीने ओळखते.

दुसऱ्या फेरीत पाणी. पाणी घातले की भारी व्हिस्कीचा अपमान होतो ही समजूत चुकीची आहे. स्कॉटलंडचे ब्लेंडर नमुने २० टक्क्यांवर आणून वास घेतात. स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवले की अल्कोहोल कमी झाले की ग्वायाकॉलचे रेणू पृष्ठभागाकडे जमतात, म्हणजे नाकाकडे. तीव्र द्रावणात मात्र ते अल्कोहोलने वेढलेले आत राहतात. थेंब थेंब पाणी घालत, प्रत्येक थेंबानंतर वास घेत राहायचे. आधी बंद असलेली व्हिस्की एका टप्प्यावर उघडते, आणखी पाण्याने विरून जाते. तो टप्पा प्रत्येक बाटलीचा वेगळा.

वाइनला सोलापुरात वेगळीच अडचण आहे. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असे युरोपातली पुस्तके सांगतात. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. सोलापुरात एप्रिलमध्ये खोली ३५ च्या वर असते. त्या तापमानाला अल्कोहोल आधी उडते, नाकाला झोंबते, फळ मागे पडते, आणि माणूस म्हणतो आपली वाइन कडक आहे. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली की तीच वाइन दुसरीच वाटते. सेत्तेसारख्या वाइनमध्ये सांजोवेसेचा आंबट-चेरीकडे जाणारा वास आणि कॅबर्नेचा गडद, जांभळाकडे झुकणारा वास असे दोन्ही शोधायचे असतात. कॅबर्ने पुरते पिकले नसेल तर ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो. तो मेथॉक्सीपायराझिनचा, आणि उन्हाने तो कमी होतो. म्हणजे सोलापूरचे ऊन एका हाताने आंबटपणा काढून घेते आणि दुसऱ्या हाताने हा हिरवटपणाही. जिभेवर मग तुरटपणा तपासायचा. तो टॅनिनचा असतो, जो लाळेतल्या प्रथिनांना पकडून तोंड कोरडे करतो. सांगोल्याच्या डाळिंबाची साल कधी चघळली असेल त्याला टॅनिन वेगळे समजावे लागत नाही. चांगल्या वाइनमध्ये ते बारीक, मऊ पावडरीसारखे पसरते. कच्चे असेल तर हिरड्यांवर खरखरते.

सोबत काय खावे? चाखताना तिखट अजिबात नको. मिरचीतल्या कॅप्सेसिनचा जाळ अल्कोहोलने वाढतो, आणि काळ्या तिखटाच्या मटणानंतर कुठलीच वाइन न्याय मागू शकत नाही. परीक्षक दोन नमुन्यांच्या मध्ये कोरडा पाव किंवा बिनचवीचे बिस्किट खातात. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी या कामाला त्याहून सरस आहे: मीठ कमी, तेल नाही, गोडवा नाममात्र, आणि जीभ साफ करणारी. वाइनच्या स्पर्धांमध्ये तिला जागा मिळावी इतकी ती योग्य आहे.

गुण देण्याची पद्धतही जाणून घ्यावी. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात तयार झालेली २० गुणांची पट्टी, नंतर अमेरिकेतल्या रॉबर्ट पार्कर यांनी रूढ केलेली १०० ची. आकडा भारदस्त दिसतो, पण रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकाने कॅलिफोर्नियाच्या राज्य स्पर्धेत एक साधी गोष्ट केली. परीक्षकांपुढे त्यांच्या नकळत एकाच बाटलीतली वाइन तीनदा ठेवली. तीनही वेळा एकाच पदकाच्या आसपास राहिले ते जेमतेम दहापैकी एक. २००८ मध्ये हे छापून आले तेव्हा खळबळ उडाली. म्हणून बाटलीवरचे सोनेरी पदक पाहताना स्पर्धा कोणाची आणि तिथे किती जणांना पदके मिळाली, हे आधी पाहावे. द्राक्ष आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे चालणाऱ्या स्पर्धेत एकूण नमुन्यांपैकी फार तर ३० टक्क्यांना पदक देता येते. त्यापेक्षा सैल हाताने वाटलेल्या पदकाला अर्थ उरत नाही. आणि एकट्याच्या जिभेपेक्षा पाच-सहा जणांच्या स्वतंत्र नोंदींची सरासरी नेहमी अधिक भरवशाची.

किमतीचे गणितही आता बदलते आहे. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. त्यात स्कॉचवरचे १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ वर आणि पुढे दहा वर्षांत ४० वर आणण्याचे ठरले. वाइनच्या बाबतीत राज्य सरकारने जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय कागदावरच राहिला. विरोधकांची काळजी खोटी नव्हती. पण कुठल्या पेयात काय आहे याचे शिक्षण देणारे कोणी नसताना फक्त दुकान उघडायचे की बंद ठेवायचे एवढ्यावरच वाद संपतो, हे दरवेळचे दुःख आहे.

ज्वारीचा प्रश्नही असाच अर्धवट राहिला. २००७ मध्ये राज्याने ज्वारी-बाजरीसारख्या धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि तो रास्त होता. धान्य शेवटी त्याच बिनचवीच्या मद्यार्कात जाणार होते. चीनमधली माओताई ही दारू मात्र लाल ज्वारीचीच असते, आणि तिथे ज्वारीचा वास लपवला जात नाही, त्याचीच किंमत मोजली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मोहोळच्या संशोधन केंद्राची मालदांडी ३५-१ देशभर गेली. या धान्याला चव आहे हे सगळा महाराष्ट्र भाकरीतून जाणतो. तिच्यापासून काय करावे हा स्वतंत्र आणि कठीण प्रश्न आहे. पण करायचेच असेल तर ज्वारीची चव उतरेल असेच करावे, नाहीतर ती भाकरीतच राहू द्यावी.

मोटेवाडीला फ्रटेलीकडे पाहुण्यांसाठी मुक्कामाची आणि चव घेण्याची सोय आहे. वाइन चाखायला नाशिकला जाणारे पुष्कळ सोलापूरकर मोटेवाडीला अजून गेलेले नाहीत. ज्यांना घरीच करून पाहायचे आहे आणि ज्यांचे वय महाराष्ट्राच्या कायद्यात बसते, म्हणजे वाइनसाठी २१ आणि व्हिस्कीसाठी २५, त्यांनी चार जण जमवावेत. अकलूजची एक लाल, नाशिकची एक, बाहेरदेशची एक, साधारण एकाच किमतीच्या. कापडी पिशव्यांत बाटल्या घालून तोंडाशी बांधाव्यात आणि आकडे घालण्याचे काम ज्याला चाखायचे नाही अशा माणसाकडे द्यावे. सगळ्या बाटल्या सारख्याच गार. प्रत्येक ग्लासात ३० मिलीलिटरपेक्षा जास्त नको. पहिल्या फेरीत फक्त वास, आणि सगळ्यांनी आपापल्या कागदावर लिहून होईपर्यंत कोणी बोलायचे नाही, कारण पहिला बोललेला शब्द बाकीच्यांच्या नाकात शिरतो. नमुन्यांत एक बाटली दोनदा ठेवावी. तिला दोन्ही वेळा साधारण सारखे गुण देणाऱ्याच्या जिभेवर भरवसा ठेवायला हरकत नाही. थुंकायला रिकामा लोटा हवाच. व्यावसायिक परीक्षक एका बैठकीत डझनावारी नमुने तपासतात ते घोट न गिळता, आणि गाडी चालवत घरी जाणाऱ्याने तर एकही घोट पोटात जाऊ देऊ नये. पिशव्या सोडायच्या त्या सगळे कागद एकत्र करून बेरीज झाल्यावरच.